तिसावी चिठ्ठी

दि. ६ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण आपल्या घरात फोन एकजण करतो, चारजण ऐकतात, आणि तुमचे दादा तर मधूनच हातातून काढूनच घेतात. म्हणून कामावर, शिवणखोलीत बसून लिहितेय.

तुम्ही दोन वर्षं माझ्यामागे जी भुणभुण लावली होती, तिला मंगळवारी यश आलं. बायकांच्या गर्भाशयाच्या तपासणीची गाडी आमच्या दारात येऊन गेली. तीस बायकांची यादी तयार असल्याशिवाय ते गाडी पाठवत नाहीत, असा त्यांचा नियम. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या माझ्या हाताखालच्या बायका म्हणजे एकेक नमुना. एक म्हणे, मला काही होतच नाही, मग कशाला? दुसरी म्हणे, काही निघालं तर? मी म्हटलं, अगं, काही होत नाही तेव्हाच करायची असते ती. वाक्य तुमचंच, न विचारता वापरलं.

सकाळी मशीनं बंद ठेवली. प्रत्येकीच्या हातात नाव-नंबराची चिठ्ठी दिली आणि एकेकीला गाडीत चढवलं. आतली नर्स अगदी पोरसवदा, पण हात हलका आहे तिचा. जी ती 'एवढंच?' म्हणत खाली उतरली. काजवालीने मात्र आयत्या वेळी हातपाय गाळले. शर्टांना काजं करते ती हो, सगळ्यांत लहान. नेमकी तिसावी चिठ्ठी तिची. पण झालं एकदाचं. तीसच्या तीस!

कागद शिवणखोलीच्याच पत्त्यावर येणार आहेत. निम्म्या जणींना ते घरी यायला नको होते.

तुमची,
वहिनी


दि. १४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र आमच्या आरोग्य केंद्रात सगळ्यांना वाचून दाखवलं. इथे आम्ही दहाजणींना बोलावतो तेव्हा सहा येतात, त्यांतली एक सोबतीला आलेली असते आणि एकीला आपण दाताच्या डॉक्टरकडे आलोय असं वाटत असतं. तुझ्या तीसच्या तीसपुढे आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनीसुद्धा हात जोडले.

आता मुद्द्याचं. तुझं काय? तू चढलीस का गाडीत? पत्रात सगळ्या आहेत, तू कुठे दिसत नाहीस. आणि तांबी? मूल नको म्हणून ती बसवायला मीच तुला नेलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली. तिची मुदत दहा वर्षांची असते. दर भेटीत मी हे सांगते आणि दर भेटीत तू चहा टाकायला उठतेस. या पत्रातून उठून जाता येणार नाही, म्हणून विचारतेय.

दादाला म्हणावं, त्याची सर्दी म्हणजे सर्दीच आहे.

तुझी,
नणंद


दि. ११ मार्च

वन्सं,

मी यादीत नव्हते. यादी कामगार बायकांची होती, मी पडले देखरेखवाली. गाडी पुन्हा आली की बघू, तांबीचंही तेव्हाच.

आज लिहायला कारण वेगळं आहे. एकोणतीस जणींचे कागद चांगले आले. काजवालीचा आला नाही चांगला. गर्भाशयाच्या तोंडाशी पेशींमध्ये मोठे बदल दिसतात, दुर्बिणीच्या तपासणीला यावे, असं त्यात लिहिलंय. पोरगी पार हबकून गेली आहे. कोणाला विचारायची सोय नाही तिला, म्हणून मी तिच्या वतीने विचारते. याचा अर्थ कर्करोगच ना? तिला गेले सहा-सात महिने पाळी नसतानाही मधूनच लाल जातं, ते यामुळेच का? इलाजाला नवऱ्याची सही लागते का? घरात कोणालाही कळू न देता हे उरकता येतं का? किती दिवस खाडे होतील?

सविस्तर लिहा, आणि शिवणखोलीच्याच पत्त्यावर टाका. म्हणजे तिला वाचून दाखवता येईल.

तुमची,
वहिनी


दि. १५ मार्च

वहिनी,

तिला शेजारी बसव आणि हळूहळू वाच.

बाळ, हा कर्करोगाचा निकाल नव्हे. पेशी बिघडायला लागल्या आहेत. त्या तशाच सोडल्या तर काही वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. तो होण्याआधीच गाठावं, म्हणून तर ही तपासणी असते. दुर्बिणीने बघतात, गरज वाटली तर तेवढाच भाग जागेवर भूल देऊन काढतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. मधल्या रक्ताचं मात्र मला आवडलेलं नाही. ते तपासून घ्यायला थांबायचं नाही, आठवडाभरात जा. सही तुझी लागते, नवऱ्याची नाही. घरी सांगायचं की नाही हे तू ठरव. आमच्याकडे बाईचा कागद तिच्याशिवाय कोणाच्या हाती पडत नाही. परवा एकीची सासू चौकशीला आली होती, तिला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

वहिनी, हे आता तुला. तू तिच्याबरोबर जा. अशा बायका दारापर्यंत येतात आणि मागे फिरतात, मी रोज बघते.

तुझी,
नणंद


दि. २८ एप्रिल

वन्सं,

गणवेशांच्या कामात मान वर करायला फुरसत नव्हती, म्हणून उशीर.

काजवाली जाऊन आली. तिकडून फोनावर फोन येत होते, तेव्हा जावंच लागलं. दुर्बिणीने बघितलं, काहीही नाही. पुन्हा नमुना घेतला, तोही स्वच्छ. तीन वर्षांनी या म्हणाले. बघा, उगाच जिवाला घोर! फाइल मिटली आणि आमच्याही मागचं लचांड सुटलं. आता हा विषय पुरे.

तुमच्या दादांना कोपराला खाज सुटली आहे. तीन डॉक्टर झाले, चौथ्याची वेळ घेतली आहे. त्यांचं नेहमीचं.

तुमची,
वहिनी


दि. ९ मे

वहिनी,

विषय पुरे म्हणालीस, पण मला पुरा होईना. मोठे बदल दाखवणारा कागद येतो, सात महिने मधूनच रक्त जात असतं, आणि दीड महिन्यात सगळं लख्ख? क्वचित घडतंही, पण माझ्या मनात ते खुपत राहिलं. तुमच्या तिथली मोठी सिस्टर माझ्याबरोबर शिकलेली. तिला फोन लावला आणि काजवालीचे दोन्ही कागद वाचायला लावले.

गाडीतल्या कागदावर लिहिलंय, तांबीचा दोरा दिसतो. दुर्बिणीच्या वेळच्या कागदावर लिहिलंय, तांबी नाही, कधीच बसवलेली नाही.

लक्षात येतंय का? या दोन वेगळ्या बायका आहेत! गाडीतल्या नर्सने कागदांची अदलाबदल केली. म्हणजे तुझ्या तीसजणींत तांबीवाली अशी कोणीतरी आहे, जिला 'सर्व ठीक' म्हणून लेखी कळवलंय, आणि ती निर्धास्तपणे कॉलर शिवत बसली आहे. मी त्याच दिवशी लेखी तक्रार केली. तांबीवाल्या सगळ्यांची पुन्हा तपासणी होईल. त्या नर्सला तूर्त कामावरून दूर केलंय. नोकरीला सहाच महिने झालेत तिच्या, वाईट वाटतं, पण अशा कामात एवढी हयगय कोणी पोटात घालू नये.

तू बायकांमध्ये विषय काढ. कोणाकोणाला तांबी आहे ते तुला सहज सांगतील.

तुझी,
नणंद


दि. २५ मे

वहिनी,

पंधरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. दादाला फोनवर विचारलं तर म्हणाला, हल्ली ती जेवताना बोलत नाही. एवढ्या बायकांना पुन्हा बोलावलं म्हणून रागावली आहेस का?

तांबीवाल्या चौघी निघाल्या. चौघींची पुन्हा तपासणी झाली, चौघी स्वच्छ. मोठी सिस्टर चक्रावली आहे. ती नर्स एकच सांगते, मी प्रत्येक कागद त्या त्या बाईसमोर भरला. रडते आणि पुन्हा तेच सांगते. तिच्यावर आता कोणाचा विश्वास नाही. सोमवारी बैठक आहे, तिला कायमचं घरी पाठवतील असं दिसतं. माझी तक्रारच मुख्य पुरावा आहे.

पण मग पाचवी कोण? दोन ओळी तरी लिही.

तुझी,
नणंद


दि. २९ मे

वन्सं,

पाचवी मी.

आज सकाळी दवाखान्यात जाऊन सांगून आले. आधी तिथे सांगितलं, मग तुम्हाला लिहायला बसले. सोमवारची बैठक होणार नाही. त्या मुलीने एकही कागद चुकवलेला नव्हता. तिच्यापुढे मी झोपले होते, काजवालीची चिठ्ठी हातात घेऊन.

झालं ते असं. काजवाली गाडीच्या पायरीवरून मागे फिरली. तीस भरले नाहीत तर पुढच्या वर्षी गाडी येणार नाही, अशी भीती होती, ते खरंच. पण तेवढंच असतं तर मी माझ्या नावाची चिठ्ठी करून घेतली असती, दोन मिनिटांचं काम. मला ती माझ्या नावावर नकोच होती. लाल जात होतं ते मला, वन्सं. तिला म्हटलं, दे इकडे. मनात असं, की चांगलं निघालं तर जीव शांत होईल आणि वाईट निघालं तर निदान घरात कळणार नाही. मग वाईट निघालं, आणि ते तिच्या नावावर. तिकडून फोन थांबेनात, तेव्हा मीच तिला तपासणीला पाठवलं. ती गाडीला घाबरलेली पोर माझ्यासाठी दुर्बिणीखाली गेली. तिचं स्वच्छ निघालं आणि माझी फाइल मिटली. तुम्हाला 'विषय पुरे' लिहिलं तेव्हा मी खरंच तसं धरून चालले होते. माणूस स्वतःला काय काय पटवतो!

तुम्ही विचाराल, मलाच का नाही सांगितलंस. तर ऐका. चार वर्षांपूर्वी छातीत गाठ लागली तेव्हा मी तुम्हालाच सांगितली होती, फक्त तुम्हाला. संध्याकाळपर्यंत ती तुमच्या दादांना माहीत होती. दुसऱ्या दिवशी माझी आई, माझे दोघे भाऊ आणि वरच्या मजल्यावरची बाई. मी खोलीत गेले की बोलणी थांबायची. तुमचे दादा ताटावर बसून रडायचे आणि मी त्यांना वाढत असायचे, वर 'अहो, काही नाही होत' म्हणून समजूतही घालायचे. गाठ साधी निघाली. पण त्या तीन आठवड्यांत मला कसं वाटतंय हे एकानेही मला विचारलं नाही. सगळे एकमेकांना विचारत होते.

आणि या खेपेला तुम्ही काय केलंत? काजवालीचे कागद मैत्रिणीकडून फोनवर वाचून घेतलेत. एक माझा निघाला, ते सोडा. तुम्हाला तर ते तिचेच वाटत होते ना? दवाखान्यात आलेल्या सासूला वाटेला लावता, मग घरचा विषय आला की तुमचा नियम कुठे जातो?

राग आला असेल तर येऊ दे. मलाही आलेलाच आहे. ती नर्स आज माझ्यासमोर उभी होती. तीन आठवड्यांत अर्धी झाली आहे.

वहिनी


दि. २ जून

वहिनी,

पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा भीती वाटली, आणि त्यानंतर नुसती लाज.

तुझ्या गाठीच्या वेळी मी घाबरले होते. फोन उचलला आणि दादाला सांगून मोकळी झाले. मोकळी मी झाले, ओझं तुझ्या घरात पडलं. इतक्या वर्षांत मला ते चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. घरच्या माणसाचं घरच्यांना सांगितलं, त्यात काय एवढं, असंच वाटायचं. कागद वाचून घेतल्याचंही तेच. काजवालीची मी लेखी माफी मागितली आहे, ते पत्र यासोबत आहे, तिला फोडून न वाचता दे. तक्रार मागे घेतली. त्या नर्सलाही लिहिलंय, तिने उत्तर द्यावं अशी अपेक्षा नाही.

सात महिने रक्त जातंय, असं तू मला दुसरीच्या नावावर लिहिलंस. अक्षर तुझं होतं आणि मी ओळखलं नाही. दिवसभर हाच प्रश्न मी बायकांना विचारते, वहिनी. तुला फक्त तांबीची मुदत विचारत राहिले.

दादाला काही कळणार नाही. माझ्याकडून तर नाहीच. मला तुझ्याकडे निघून यावंसं वाटतंय, पण तू बोलावल्याशिवाय येणार नाही. मात्र उशीर करू नकोस. आधीच चार महिने वाया गेलेत. एवढंच एक मी नर्स म्हणून बजावते.

तुझी,
नणंद


दि. ४ जुलै

वन्सं,

झालं सगळं. सविस्तर लिहिते, कारण या वेळी लपवायचं काही नाही.

दुर्बिणीच्या तपासणीला मी त्या नर्सलाच मागून घेतलं. ती कागद घेऊन समोर बसली आणि विचारलं, "मावशी, नाव?" मी सांगितलं. तर म्हणते, "या वेळी तरी तुमचंच ना?" थट्टा नव्हती ती. मी म्हटलं, "माझंच. हवं तर ओळखपत्र बघ." तिने खरंच बघितलं, दोन्ही बाजूंनी. मग म्हणाली, "तुमच्यापायी मी तीन आठवडे आईला खोटं सांगत होते, सुट्टीवर आहे म्हणून." मी माफी मागितली. तिने मान हलवली आणि दिवा ओढून घेतला. हात अजूनही तसाच हलका आहे. पण पुरतं माफ केलेलं नाही, ते कळतं.

बदल होतेच. पंधरा दिवसांनी तेवढा भाग काढला, त्याच वेळी तांबीही काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून दोन-तीन वर्षं अशीच काढली असतीत तर गोष्ट वेगळी झाली असती. काल अहवाल आला. कडा स्वच्छ आहेत, म्हणजे बिघडलेलं सगळं निघालं. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. अहवाल वाचला आणि कापलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून मी खूप रडले. काजवालीने दार लावून घेतलं आणि बाहेर मशीन चालू केलं, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. प्रत्येक खेपेला तीच सोबत होती. तुमचं पत्र तिने वाचलं, मला दाखवलं नाही. आणि गेल्या आठवड्यात तिने दुसऱ्या एकीला हाताला धरून तपासणीला नेलं.

घरी अजून कोणाला माहीत नाही. मालाच्या कामाला जाते म्हणून सांगत होते. आता सांगावंसं वाटतं, पण कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. तुमचे दादा एकदा हाय खाल्ली की आवरत नाहीत, आणि मग पुन्हा मीच त्यांची समजूत काढायची. तेवढं बळ अंगात आलं की बघू.

तुमची,
वहिनी


दि. १६ जुलै

वहिनी,

कडा स्वच्छ. हे दोन शब्द मी कामावर शेकड्यांनी वाचते. तुझ्या पत्रात वाचले आणि पुन्हा पुन्हा तेच वाचत बसले. माझी पुढची बाई बाहेर ताटकळत होती, तिला दहा मिनिटं थांबवलं.

एक सांगायचंय, ते लपवून ठेवणं बरं नव्हे. काल दादाचा फोन आला होता. म्हणाला, "तुझी वहिनी महिनाभर मालाच्या कामाला जाते, पण माल काही येत नाही. तोंड उतरलंय तिचं. तुला नक्की ठाऊक असणार. काय झालंय?" मला ठाऊक नाही म्हणणं जिवावर आलं, कारण ते खोटं झालं असतं. मी म्हटलं, "दादा, मी सांगणार नाही. तिलाच विचार." तो चिडला. "मी तुझा सख्खा भाऊ ना?" म्हणाला. मी म्हटलं, "म्हणूनच सांगत नाही. पूर्वी एकदा सांगितलं होतं, ते चुकलं." आणि त्याने फोन ठेवला.

माझ्यामुळे तुझ्यावर पुन्हा प्रसंग आला असेल तर लिही. शिव्या घातल्यास तरी चालतील.

तुझी,
नणंद


दि. १९ जुलै

वन्सं,

शिव्या नाहीत.

परवा संध्याकाळी हे शिवणखोलीत आले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, या खोलीत त्यांचं पाऊल दोनदा पडलं असेल. बायका निघून गेल्या होत्या, मी मशीनला तेल देत होते. हे उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. मग म्हणाले, "धाकटी काही सांगत नाही. तुलाच विचार म्हणाली." मला वाटलं, आता चढ्या आवाजात सुरू होतील. पण त्यांना पुढे कसं विचारायचं तेच उमगत नव्हतं. अखेर म्हणाले, "तुला काय होतंय?"

मी दार लावलं आणि पहिल्या लाल डागापासून शेवटच्या अहवालापर्यंत सगळं सांगितलं. काजवालीच्या चिठ्ठीचंसुद्धा. मधे एकदा "बाप रे" म्हणाले आणि माझ्याकडे बघून थांबले. शेवटी विचारलं, "आणखी कोणाला कळवायचंय?" म्हटलं, कोणाला नाही. बरं म्हणाले. मग रडले, रडायचे तेवढे रडले. मी समजूत घालायला उठले नाही. थोड्या वेळाने स्वतःच डोळे पुसले आणि सहा महिन्यांनी कोणत्या तारखेला जायचं ते विचारून घेतलं.

वन्सं, गाठीच्या वेळी, बाळंतपणांच्या वेळी, कावीळ झाली तेव्हा, माझ्या जिवाचं काय चाललंय ते यांना नेहमी दुसऱ्या कोणाकडून तरी कळायचं. या खेपेला ते त्यांनी माझ्याकडून ऐकलं.

तुमची,
वहिनी